आधी बंदरावर जाऊ द्या, मग शीर्षक मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रस्तंभात कॉलेजच्या मुलांच्या संशोधन प्रकल्पांतल्या नकलेबद्दल दोन पत्रं आली होती. दोन्ही पत्रांचा रोख मोबाइलवर आणि मुलांच्या आळसावर होता. मी दापोलीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात 26 वर्षं नोकरी केली. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तरी आठवड्यातून तीन दुपारी अजून तिथेच बसते. (घरी बसले की सुनेला सारखा चहा करावा लागतो, त्यापेक्षा हे बरं.) इतक्या वर्षांत ‘प्रोजेक्टला काहीतरी विषय द्या ना’ म्हणत टेबलापुढे उभी राहिलेली मुलं मी शेकड्यांनी पाहिली. त्यांतली खरोखर आळशी थोडीच. बाकीच्यांचं घोडं अडतं ते कॉलेजातून मिळालेल्या एका छापील कागदापाशी.

तो कागद सगळीकडे साधारण सारखाच असतो. वर नाव आणि हजेरी क्रमांक. त्याखाली ‘संशोधनाचे शीर्षक’. मग उद्दिष्टे किमान पाच, गृहीतके किमान तीन, नमुना किमान 100, संदर्भ किमान दहा. तळाशी मार्गदर्शकाची सही आणि कोपऱ्यात जमा करायची तारीख, बहुतेक वेळा येत्या शनिवारची. मुला, तुला नेमकं काय समजून घ्यायचं आहे, हे लिहायला मात्र त्या पानावर एक ओळ नाही.

शनिवारपर्यंत शीर्षक द्यायचं म्हटल्यावर पोरं काय करणार? मागच्या वर्षीच्या फायली चाळतात, नाहीतर मोबाइलला विचारतात. मोबाइल एका दमात दहा शीर्षकं देतो आणि दहाही पास होण्यासारखी असतात. ‘कोकणातील पर्यटन : संधी आणि आव्हाने’. ‘आंबा बागायतदारांच्या समस्या : एक अभ्यास’. वेळासच्या कासवांवर तर दर वर्षी चार-पाच प्रकल्प होतात, आणि त्यांतल्या निम्म्या मुलांनी कासवाचं घरटं पाहिलेलं नसतं. ‘कोकणातील स्थलांतर : कारणे व उपाय’ हे माझ्या नोकरीएवढंच जुनं शीर्षक आहे.

त्या स्थलांतराचंच बघा. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 मध्ये ती 16,15,069 भरली. दहा वर्षांत सुमारे 82 हजार माणसं कमी. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया 1,122, म्हणजे राज्यात सगळ्यांत जास्त. मुलं हे आकडे उतरवून काढतात आणि खाली लिहितात, ‘यावरून स्थलांतराची समस्या गंभीर असल्याचे दिसून येते’. झाला प्रकल्प. एका मुलाने तर 1971 चा रत्नागिरी जिल्हा आणि 2011 चा रत्नागिरी जिल्हा शेजारी मांडून ‘भयावह घट’ असा मथळा दिला होता. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. तो हुशार होता, लगेच ओशाळला. पण त्याला तरी दोष कसा द्यायचा? त्याने आकड्यांना काही विचारलंच नव्हतं, ते नुसते रांगेत उभे केले होते. ‘आमच्या वाडीत गणपतीला उघडणारी घरं किती, बाराही महिने चूल पेटणारी किती, आणि ज्यांच्या घरांना कुलूप आहे त्यांच्या कलमांची राखण कोण करतं?’ एवढंच धरून बसला असता तर दोन रविवारांत अख्ख्या गावाला माहीत नसलेलं काहीतरी त्याच्या हाती लागलं असतं.

मी काही प्राध्यापक नाही. मुलांना मी एकच त्रास देते. शीर्षकातून ‘समस्या’, ‘आव्हाने’, ‘एक अभ्यास’ हे शब्द खोडायला लावते आणि उरेल त्यापुढे प्रश्नचिन्ह द्यायला सांगते.

गेल्या वर्षी सप्टेंबरात पाजपंढरीची एक मुलगी आली. कला शाखा, दुसरं वर्ष, विषय अर्थशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणात जो क्षेत्र प्रकल्प आला आहे, त्याचा कागद तिच्या हातात होता. शीर्षक तयार होतं : ‘कोकणातील मच्छीमार समाजाच्या समस्या : एक अभ्यास’. म्हटलं, खोड. तिने खोडलं. उरलं, ‘कोकणातील मच्छीमार समाज?’ आम्ही दोघीही हसलो.

“झाईपासून रेडीपर्यंत किनारा आहे,” मी म्हटलं. “शाळेत शिकलीस ना, 720 किलोमीटर. तू कुठवर जाणार?”

“हर्णैपर्यंत. घरी जाताना वाटेतच आहे.”

“घरी काय करतात?”

“बाबा खलाशी आहेत, दुसऱ्याच्या बोटीवर. आई बंदरावरून मावरं घेते आणि इथे दापोलीत आणून विकते.”

“कुणाकडून घेते?”

“एकाच माणसाकडून.”

“का? लिलावात जिथे स्वस्त पडेल तिथे का नाही घेत?”

पोरगी थांबली. रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट, पण तिला कुणी असं विचारलंच नव्हतं. “विचारते,” म्हणाली आणि एसटी गाठायला पळाली. कागद माझ्या टेबलावरच राहिला.

पुढच्या गुरुवारी ती पिशवीतून भिंतीवरचं कालनिर्णय घेऊन आली. जून, जुलै आणि ऑगस्टची पानं उघडून माझ्यापुढे ठेवली. पानांचे खालचे कोपरे तेलकट बोटांनी तपकिरी झालेले. जून-जुलैच्या चौकटींत निळ्या पेनाने आकडे : 500, 300, 1000, कुठे नुसतं ‘तां.’ म्हणजे तांदूळ. काही आकड्यांभोवती गोल. ऑगस्टच्या पानावर नारळी पौर्णिमेनंतर रोज एक उभी रेघ, आणि जिथे रेघ नाही तिथे फुली. तिची आई शाळेत गेलेली नाही. “हे अक्षर माझंच आहे, मॅडम,” ती म्हणाली. “सहावीपासून मीच लिहिते. आई सांगते तसं. पण बेरीज कधी केली नव्हती.”

बेरीज आम्ही तिथेच केली. दोन महिन्यांत 14,300 रुपये आणि चार वेळा तांदूळ. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा हंगाम आणि पावसाळी समुद्र, दोन्हींसाठी ही बंदी योग्यच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बोटी वर ओढल्या की पाटीवर पोट असलेल्या बाईच्या हाती सुक्या मासळीखेरीज विकायला काही उरत नाही, आणि तीही घरात शिल्लक असली तर. मग उचल घ्यायची. ज्याच्याकडून उचल घ्यायची, नारळी पौर्णिमेनंतर मासेही त्याच्याकडूनच घ्यायचे. त्या उभ्या रेघांचा अर्थ हा होता : आज त्याच्याकडून पाटी घेतली.

मुलगी रागावली होती. ‘हे तर शोषण आहे’ असं तिने वहीत लिहूनही टाकलं होतं, खाली दोन रेघा मारून. म्हटलं, आईला वाचून दाखवलंस का? दाखवलं होतं. आईने काय म्हटलं ते तिने जसंच्या तसं लिहून आणलं होतं : “तो नसता तर जूनात काय खाल्लं असतंस? न् तो दुसऱ्याला द्यायच्या आधी पयली पाटी मला देतो, ता नाय का लिवलंस?”

आता गंमत आली. लेकीचं एक म्हणणं, आईचं दुसरं, आणि कुणाचं खरं हे दोघींनाही ठाऊक नाही. पाटी महाग पडते, की बरोबरीत पडते, की उलट चांगला माल आधी मिळतो म्हणून फायद्याची पडते? हे बंदरावर उभं राहून, लिहून, मोजून कळण्यासारखं होतं. तीन आठवड्यांनी तिच्या वहीत हे वाक्य आलं : ‘बंदीच्या दोन महिन्यांत घेतलेली उचल फिटेपर्यंत पाजपंढरीतल्या मासे विकणाऱ्या बायकांना बांगड्याची पाटी त्याच संध्याकाळच्या लिलावाच्या मानाने कितीला पडते?’ मूळ शीर्षकातलं ‘कोकण’ गेलं, ‘समाज’ गेला, ‘समस्या’ गेल्या. बांगडा आला.

बांगडाच का, तर पापलेटचा भाव आकारावर हलतो आणि कोळंबीत जाती फार. बांगडा साधा, रोजचा. हे मला कुठून कळणार? तिच्या आईनेच सांगितलं. आणि तरीही पहिल्याच आठवड्यात गाडी अडली. लिलाव ढिगावर होतो, तराजूवर नाही, आणि आईची खरेदी पाटीवर. ढिगाची पाटी कशी करायची? मग ताणकाटा घेऊन पाच संध्याकाळी पाच पाट्या तोलल्या तेव्हा कुठे अंदाज बसला. त्या पाच संध्याकाळी ती जितकं शिकली, तितकं ‘संशोधन पद्धती’च्या पेपरात शिकली असेल असं मला वाटत नाही. पण तो पेपर मी वाचलेला नाही, तेव्हा राहू दे.

आणखी एक गोष्ट तिला कुणी शिकवली नव्हती, ती आईने शिकवली. नावं घालायची नाहीत. “मला उद्या त्याच लिलावात हुबी ऱ्हायची हाय.” म्हणून बायकांना क्रमांक दिले. उचल देणाऱ्यांची नावं तिने वहीतही लिहिली नाहीत. कालनिर्णयाच्या पानांचे फोटो जोडायचे ठरले होते, तेही गाळले. अक्षर तिचं असलं तरी हिशेब घराचा होता.

आता कॉलेजकडे वळते. कॉलेजचं नाव देत नाही, कारण दुसऱ्या कॉलेजांचे कागदही मी पाहिले आहेत. कागद परत आला. शीर्षक लांब, गृहीतकं तीन नाहीत, नमुना फक्त 12. शंभर बायका हव्यात! पाजपंढरीतल्या शंभर बायका दुसऱ्या वर्षाच्या मुलीपुढे आपलं देणं उघडं करतील असं ज्याला वाटतं, त्याने एकदा कुणाच्याही ओटीवर बसून तसा प्रयत्न करून बघावा. या बारा जणी बोलल्या, कारण त्या तिच्या मावश्या, काक्या आणि आईच्या मैत्रिणी होत्या. गुगल फॉर्म भरून घ्यायला आलेल्या मुलांना याच बायका ‘आले परत कागदवाले’ म्हणतात आणि पटापट ‘होय, होय, होय’ अशा खुणा करून वाटेला लावतात. त्या होयांचे मग रंगीत वर्तुळालेख होतात.

तिच्या मार्गदर्शक बाईंवर माझा राग नाही. त्या तासिका तत्त्वावर शिकवतात आणि त्यांच्या हाताखाली चाळीसच्या आसपास प्रकल्प होते. चाळीस मुलांचे चाळीस प्रश्न ऐकून घ्यायला वेळ कुठून आणायचा? त्यांनी त्यातल्या त्यात वाट काढली. जुनं शीर्षक वर ठेवलं आणि मुलीचा प्रश्न उपशीर्षकात बसवला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं : वर्तुळालेख का नाही?

हे लिहिताना मी स्वतःला बाहेर ठेवत नाही. नव्वदच्या दशकात ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी मीही प्रबंधिका लिहिली होती : ‘दापोली तालुक्यातील वाचकांच्या वाचन सवयी : एक अभ्यास’. दीडशे प्रश्नावल्या वाटल्या. शंभराहून जास्त लोकांनी चरित्र, आत्मचरित्र आणि वैचारिक वाङ्मय लिहून दिलं. मी खूश. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ‘संतसाहित्य’ लिहिलं होतं. प्रबंधिका जमा झाल्यावर दोन महिन्यांनी वर्षअखेरची मोजणी करताना देवघेवीचं रजिस्टर उघडलं. मुख्याध्यापकांच्या नावावर त्या वर्षी 41 पुस्तकं गेली होती. एकूण एक रहस्यकथा. ते रजिस्टर रोज सकाळी दहा वाजता मीच उघडत होते आणि संध्याकाळी मीच मिटत होते. त्यात पाहावं असं मला सुचलं नाही, कारण कागदावर ‘प्रश्नावली’ छापलेलं होतं. त्या प्रबंधिकेला प्रथम श्रेणी मिळाली. बाइंडिंग अजून घरी आहे, कुणाला दाखवत नाही.

म्हणून कालनिर्णय पाहिल्यावर मला जरा भरून आलं, हे कबूल करते.

इथल्या कार्यक्रमांतून भारतरत्न पां. वा. काणे यांचं नाव हमखास निघतं. त्यांचं शालेय शिक्षण दापोलीत झालं, त्यामुळे हक्कानेच निघतं. भाषणकर्ते मुलांना सांगतात, असं मोठं काम करा, ‘धर्मशास्त्राचा इतिहास’सारखे पाच खंड लिहा. पण त्या पाच खंडांची सुरुवात कुठून झाली हे कुणी सांगत नाही. काणे ‘व्यवहारमयूख’ या एका ग्रंथाची आवृत्ती सिद्ध करत होते आणि तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी एवढाच मूळ बेत होता. प्रस्तावना वाढत गेली. पहिला खंड 1930 ला आला, शेवटचा 1962 ला. त्या वेळी कुणी त्यांच्याकडून शनिवारपर्यंत शीर्षक आणि तीन गृहीतकं मागितली असती, तर काय झालं असतं कोण जाणे.

तर माझी सूचना विद्यापीठाला आणि प्राचार्यांना आहे, आणि ती फुकटात होण्यासारखी आहे. शीर्षकाचा कागद सत्राच्या पहिल्या महिन्यात मागूच नका. त्याऐवजी कोरा कागद द्या आणि म्हणा, गावात चार ठिकाणी जाऊन ये आणि तुला कशाचं नवल वाटलं ते लिहून आण. मुरूडच्या एका मुलाने आमच्याकडे असाच कोरा कागद भरून आणला होता. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात त्यांच्या आळीतल्या पोफळी आडव्या झाल्या. ‘निसर्ग चक्रीवादळाचे परिणाम’ हे त्याचं शीर्षक तयारच होतं. पण कागदावर त्याने लिहिलं, “पडलेल्या पोफळीच्या जागी सगळ्यांनी पोफळच लावली नाही. शेजाऱ्यांनी केळी लावली, दोघांनी खोल्या बांधल्या, एकाची जागा तशीच आहे.” नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. तेवढं थांबणं कुणाला परवडलं आणि कुणाला नाही, हा त्याचा प्रश्न. एक आळी, एकवीस वाड्या, सगळ्यांची घरं तो नावानिशी ओळखत होता. त्याचं काम अजून चालू आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

गृहीतकं हवीच असतील तर दुसऱ्या महिन्यात मागा, आणि ‘किमान तीन’ ऐवजी एकच मागा, पण असं की जे चुकीचं निघू शकेल. ‘मच्छीमारांना समस्या आहेत’ हे कधी चुकीचं निघणार? नमुना किती असावा हे प्रश्नावर ठरू द्या. आणि तासिकावाल्या शिक्षकांकडे प्रकल्प चाळीस देऊ नका, पंधरा द्या. हे शेवटचं फुकटात होणार नाही, याची मला कल्पना आहे.

घाईचं आणखी एक कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्याप्रमाणे चौथ्या वर्षाला संशोधनाचा मार्ग घ्यायचा तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. त्या वर्षी 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करायचा असतो. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात 12 बायकांना विचारून खरं काही शोधणाऱ्या मुलीचे गुण वर्तुळालेखापायी जाणार, आणि शंभर ‘होय’ गोळा करणाऱ्याला पुढे संशोधनाचं दार उघडणार. पाजपंढरीची मुलगी सध्या 75 च्या जरा खाली आहे. मला दर महिन्याला टक्केवारी सांगते, जणू तो आकडा मीच वाढवणार आहे.

तिला काय सापडलं, असं आपण विचाराल. उचल फिटेपर्यंत बारापैकी सात जणींना पाटी लिलावापेक्षा महाग पडत होती, तिघींना जवळपास तेवढीच. दोघींना स्वस्त पडत होती, आणि त्या दोघी उचल देणाऱ्याच्या नात्यातल्या निघाल्या. तिची आई सातांतली. हे आईला सांगायचं की नाही, यावर तिने दोन दिवस घालवले. मग सांगितलं. आई म्हणाली, “मला ठाव हाय. पण किती ता ठाव नव्हता.”

यंदाही 31 जुलैला बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, आणि कॉलेजांतून कागद वाटले गेले आहेत. परवा ती मुलगी नवं कालनिर्णय दाखवायला आली होती. सप्टेंबरच्या पानावर रोजच्या उभ्या रेघेशेजारी आता पाटीचा भावही लिहिलेला आहे. तो आई न विचारता सांगते.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, दापोली